अखंड चालणारं तांबं

एप्रिलची सोळा तारीख. काम: जुन्या टूथब्रशने खाचांमधला पांढरा क्षार काढणे.

खाचा कसल्या ते आधी सांगते. तळहाताएवढी धातूची पट्टी असते, तिच्यावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड फिरतो. पट्टीला लागून एक काळा कार्बनचा कागद. कागदाच्या पुढच्या अंगावर तांब्याचा पातळ थर, इतका पातळ की लग्नातल्या भांड्यांवरचा मुलामा त्यापुढे जाड वाटावा. तांब्याच्या बाजूने क्षाराचं पाणी, मागून वायू, आणि त्यात वीज सोडली की तांबं त्या वायूचं इथिलीन करतं. इथिलीन म्हणजे ज्या वायूवर केळी पिकतात तो. तांबं हे काम करवून घेतं, पण स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात. निदान पुस्तकात तरी खर्ची पडत नाही. प्रत्यक्षात ते तिसऱ्या दिवशी मान टाकतं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हे सगळं चाललं होतं लातुरात, माझ्या धाकट्या भावाच्या कोचिंग क्लासच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्याबरोबर माझी विद्यार्थिनी होती. ती अर्धापूरची, घरची केळीची बाग, काकाचं केळी पिकवायचं गोदाम. तिची पीएचडी या तांब्यावर होती आणि तिच्या नोंदणीची शेवटची मुदत एप्रिलअखेरीला संपत होती. त्यापुढे मुदतवाढ नाही, असं विद्यापीठाने स्पष्ट सांगितलं होतं. प्रबंध तेवढ्यात सादर झाला नाही तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं काम रद्दीत. तिच्या घरी हे कुणाला नीट समजत नव्हतं. तिची भावजय दर सणाला विचारायची, "तुम्ही डॉक्टर झाल्यावर कशाच्या होणार, बायकांच्या का लेकरांच्या?"

प्रबंध अडला होता एका अटीवर. प्रबंध तपासणाऱ्या समितीवर पुण्याकडचे एक तज्ज्ञ होते. त्यांनी तिचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "पहिल्या तासाचं उत्पादन चांगलं आहे. पहिल्या तासाला सगळ्यांचंच चांगलं असतं. टिकतं किती? आठवडाभर अखंड चालवून दाखवा, मग सादर करा."

माणूस बरोबर बोलत होता, त्यामुळे जास्त राग आला. या विषयात जगभर पहिल्या तासाचे आकडे छापतात. तांब्याने पहिल्या तासात काय दिवे लावले ते ठळक अक्षरांत, आणि चौथ्या दिवशी त्याचं काय झालं ते कुठेच नाही. लातूरच्या चौकाचौकांत लागलेल्या होर्डिंगांचं हेच असतं. निकालाच्या दिवशीचे हसरे चेहरे एका रांगेत, खाली मोठाले गुण. त्यांतली पोरं पुढे काय झाली, याचं होर्डिंग लावायचा खर्च कोण करणार?

अडचण अशी की नांदेडला आमच्याकडे कुठलीच गोष्ट आठवडाभर अखंड चालत नाही. वीज रोज जाते. कॉलेजात इन्व्हर्टर आहे, पण तो प्राचार्यांच्या केबिनसाठी आहे, कारण संस्थेच्या कारभाराला पंखा लागतो. विद्यार्थिनीचा हा पट्टी-कागदाचा संच तिथे महिनोन्‌महिने चालला होता आणि उत्तम चालला होता, पण रोज एकदोनदा बंद पडून. समितीने ते सगळे आकडे 'तुटक' म्हणून बाजूला ठेवले.

भावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, लाइटीची चिंता डोक्यातून काढून टाक. आपला जनरेटर हाय. इथं मास्तर सोडून जाईल, पण लाइट जायची न्हाई."

मास्तर खरोखरच सोडून जात होते. शेजारचा क्लास जास्त पगार देत होता. लाइट मात्र जात नव्हती. क्लासच्या वरच्या दोन मजल्यांवर अभ्यासिका होती, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींसाठी, आणि तिच्या पाटीवर लिहिलं होतं, 'रात्रंदिवस सुरू'. पाटीखाली दुसरी पाटी: 'भूकंपरोधक इमारत'. लातुरात हे शब्द हॉटेलावरच्या 'शुद्ध शाकाहारी'सारखे लिहितात. तपासायला कोणी येत नाही, पण नसले तर गिऱ्हाईक दचकतं.

त्या पत्र्याच्या शेडविषयी दोन वाक्यं. आमचं गाव औशाकडचं. भूकंपात दगडमातीचं घर पडलं. आमच्या घरातली सगळी वाचली, शेजारची वाचली नाहीत. त्यावर मी इथे लिहिणार नाही. नंतर सरकारने पत्र्याची शेडं दिली, तात्पुरती म्हणून. पक्कं घर मिळाल्यावर भावाने आमच्या शेडचे पत्रे सोडवून लातूरला नेले आणि त्यांत शिकवणी सुरू केली. पोरं वाढली, क्लास वाढला, पुढे इमारत उभी राहिली. शेड मागे तसंच राहिलं. माझ्या माहितीत भूकंपानंतर जे जे कायमचं म्हणून बांधलं त्याला आतापर्यंत दोनदा तरी डागडुजी लागली. तात्पुरत्याला एक स्क्रू बदलावा लागलेला नाही.

तर ते शेड भावाने दिलं. बदल्यात त्याला एक बॅनर हवं होतं. मी विचारलं, काय लिहिणार? त्याने आधीच लिहून ठेवलं होतं: 'मराठवाड्यात प्रथमच! धुरापासून केळी! अखंड सात दिवस! आमच्याच प्रांगणात!'

"धुरापासून केळी होत नाहीत," मी म्हणाले. "केळी झाडाला होतात. आम्ही फक्त ती पिकवायचा वायू करतो."

"ते आत आल्यावर कळंल की लोकांला. बॅनर रस्त्यावरून वाचायचं असतंय."

सामान आम्ही एसटीने नेलं. संच दोन होते, एक चालवायचा आणि एक अडीनडीला, ते कपड्यांत गुंडाळून. तांबं चढवलेले कागद चारच होते. ते बनवायला तिला दोन महिने लागले होते आणि नवे करायला वेळ उरला नव्हता. शिवाय प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी चार कॅनमध्ये, कारण नळाच्या पाण्यातलं कणभर लोखंड किंवा जस्त तांब्यावर बसलं तरी ते बिघडतं. कंडक्टरने कॅन पाहिले.

"काय हाय ह्याच्यात?"

"पाणी."

"कुठं चाललाव?"

"लातूरला."

मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय. तिकडं सोयरीक करायची तर पोरीसोबत पाणी बी द्यावं लागतंय."

बस हसली. विद्यार्थिनीही हसली, त्या महिन्यात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. कंडक्टरने कॅनचं तिकीट लावलं नाही. म्हणाला, पाण्याचं भाडं घेतलं तर पाप लागंल.

शेडच्या एका अंगाला आमचं टेबल आणि पार्टिशनच्या पलीकडे जनरेटर. कार्बन डायऑक्साइड कमी करायचं यंत्र डिझेलच्या जनरेटरवर चालवणं यात जो विनोद आहे तो माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. जनरेटर एका दुपारात जेवढा वायू हवेत सोडायचा तेवढा खपवायला आमच्या तळहाताएवढ्या संचाला बहुधा माझं उरलेलं आयुष्य लागलं असतं. बरं, तोच धूर वापरावा तर तेही नाही. धुरातल्या गंधकाने तांबं मरतं. म्हणून आम्ही शुद्ध वायूचं सिलिंडर विकत आणलं, सोडावाल्यांना पुरवणाऱ्या दुकानातून. दुकानदाराने विचारलं, कार्यक्रम किती लोकांचा आहे. मी म्हणाले, एकाचा, पण तो पुण्याहून येणार आहे.

मोजमापाला विद्यार्थिनीने काकाच्या गोदामातलं इथिलीन मोजायचं हातातलं यंत्र आणलं होतं. संचातला वायू आधी मोठ्या ड्रममध्ये हवेत मिसळायचा आणि मग मोजायचा, नाहीतर ते यंत्र पहिल्याच फटक्यात हात टेकायचं. भावाचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्याने ड्रममध्ये हिरव्या केळ्यांचा एक घड टांगला. "लोकांला आकडे दाखवू नका. केळं दाखवा."

पहिला कागद दोन दिवस झकास चालला. तिसऱ्या दिवशी वायूच्या बाजूने थेंब गळायला लागले. ते दिसलं की समजायचं, संपलं. होतं असं: तांब्याजवळ वायूचा काही भाग पाण्यातल्या पोटॅशियमला जाऊन मिळतो आणि त्याचा पांढरा क्षार होतो. पाणी तापवायच्या रॉडवर चढतो ना, त्याचाच भाऊबंद. हा क्षार कागदाच्या भोकांत शिरतो आणि वायूची वाट अडवतो. क्षारामागून पाणी शिरतं. मग तांब्याला वायू मिळत नाही, पाणी मिळतं, आणि ते बिचारं पाणीच फोडत बसतं. निघतो हायड्रोजन. केळ्याला हायड्रोजनचा उपयोग शून्य. तांबं जागेवरच असतं, फक्त कामावर नसतं. सरकारी कार्यालयात ज्यांनी खेटे घातलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा कागदही तिसऱ्याच दिवशी गेला. ती सोळा तारीख. मी ब्रशने खाचा साफ करत होते आणि विद्यार्थिनी खुर्चीत बसून मेलेला कागद उजेडासमोर धरत होती, एक्स-रे पाहतात तसा.

"नांदेडला असं नव्हतं होत, मॅडम."

"माहीत आहे."

"तोच कागद, तोच क्षार, तेच पाणी."

मग आम्ही नांदेड आणि लातुरात काय काय वेगळं आहे ते बोलत बसलो. इथे ऊन जास्त, पत्रा तापतो. इथे धूळ. इथे पलीकडे डिझेलचा धूर. ती म्हणाली, जनरेटरच्या हादऱ्यांनी कागद सैल होत असेल. मी म्हणाले, माझ्या भावाच्या बोलण्याने होत असेल. दोन बायका, एक पीएचडी झालेली आणि एक होऊ घातलेली, तासभर फरक मोजत होत्या. आणि इथे वीज जात नाही, हा फरक दोघींच्या तोंडी एकदाही आला नाही. वीज जाणं ही आमच्याकडे घडणारी गोष्टच नाही. ती हवा आहे. नांदेडला कुणी 'काल काय झालं' विचारलं तर 'लाइट गेली होती' असं कोण सांगतं?

भाऊ आला. बॅनर लागलं होतं, तज्ज्ञांना घ्यायला गाडी ठरली होती, शाल-नारळ सांगून झाला होता.

"काय म्हणतंय तांबं?"

"मेलं."

"परत?" तो ड्रममध्ये डोकावला. नव्या कागदाबरोबर टांगलेला नवा घडही हिरवागार होता. "अक्का, एक विचारू का. तुमचं ते नांदेडचं चांगलं चाललेलं हाय ना? त्येच्यातले बंद पडलेले तेवढे तुकडे काढायचे, राहिलेलं जोडायचं. कोण बघायला येतंय?"

"तुझ्या होर्डिंगवरच्या तिसऱ्या पोरीसारखं?"

तिसरी पोर त्याच्या क्लासला फक्त सराव परीक्षेपुरती आली होती. शेजारच्या क्लासच्या होर्डिंगवरही तीच होती. तिथे चष्मा होता, इथे काढला होता.

"तसं न्हाई," तो म्हणाला, आणि थोडा वेळ तसं नाही ते कसं याचा विचार करत राहिला. "सगळेच करायलेत, अक्का."

मी त्याला नीतिमत्ता शिकवली नाही. ती त्याला शिकवायचं वय गेलं. एवढंच म्हणाले, "जोडून दाखवलं तर आज निभावेल. उद्या दुसऱ्या कुणी तिच्या प्रबंधावरून संच बांधला की तो तिसऱ्या दिवशी गळणार. मग तो विचारणार, ही बाई कोण. पोरगी पुढे चाळीस वर्षं याच नावाने जगणार आहे."

विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मी जोडणार नाही." तिने हे इतक्या हळू सांगितलं की जनरेटरच्या आवाजात त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिने जोरात सांगितलं.

तिसरा कागद लावला. आता पाठीमागे एकच उरला होता. भावाने शेडमध्ये कूलर आणून ठेवला, म्हणजे लातुरात एप्रिलमध्ये टँकरचं पाणी हवेत उडवायची सोय केली. याहून मोठा त्याग त्याने माझ्यासाठी आयुष्यात केलेला नाही, म्हणून इथे नोंदवते. कूलरने आम्हाला बरं वाटलं. तांब्याला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गळती सुरू झाली, दुपारपर्यंत यंत्रावरचा आकडा जवळजवळ तळाला गेला.

त्याच दुपारी जनरेटरची सर्व्हिसिंग होती. मेकॅनिकने फिल्टर काढून जमिनीवर मांडले, हात काळे केले, आणि नेमकी शहराची लाइट गेली. वरच्या अभ्यासिकेतले पंखे थांबले. मग एक आवाज आला. मी आधी ओळखला नाही, कारण त्या इमारतीत तो कधी ऐकला नव्हता. पोरं हसत होती. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी शिटी मारली, आणि पन्नासेक पोरंपोरी जिन्यावरून खाली येऊन रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर उभी राहिली.

शेडमध्ये वेगळं वातावरण होतं. विद्यार्थिनी संचासमोर बसली होती आणि रडत होती, आवाज न करता. मी तिला रडू दिलं. समजूत घालण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं आणि खोटी समजूत मला घालता येत नाही. सिलिंडरचा वायू तेवढा मी चालू ठेवला, तोही कारण समजून नाही. बंद करायला उठायचा कंटाळा आला म्हणून. मग दोघीही रसवंतीवर गेलो.

लाइट आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सवयीने संच चालू केला. गळती थांबलेली. विद्यार्थिनीने यंत्र ड्रमला लावलं, पाहिलं, झटकलं, पुन्हा लावलं.

"मॅडम, हे बिघडलंय."

"किती दाखवतंय?"

तिने सांगितलं. आकडा पहिल्या दिवसाच्या जवळ होता.

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, आणि मग दोघींनी वर, पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. नांदेडला या वेळी तो फिरत नसतो.

बाकीचं समजायला पाच मिनिटं पुरली. वीज बंद असताना नवा क्षार होत नाही. भोकांतला जुना क्षार पाण्यात परत विरघळतो आणि वायूची वाट मोकळी होते. आमचं तांबं नांदेडला टिकलं होतं ते वीज कंपनीच्या कृपेने. रोज शिव्या घालत होतो आणि ती रोज आमचा कागद धुऊन देत होती. आम्ही मात्र लाज वाटून त्याला अशा ठिकाणी आणलं जिथे त्याला क्षणाची उसंत मिळणार नव्हती.

भावाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"म्हणजे मधीमधी बंद करावं लागणार. मग अखंड कसं म्हणायचं? बॅनर लागलंय, अक्का."

विद्यार्थिनीचाही प्रश्न तोच होता, फक्त बॅनरऐवजी समिती. अट अखंडची होती.

हनुमान जयंती जवळ आली होती आणि दोन गल्ल्या पलीकडच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. कर्ण्याचं तोंड आमच्या शेडकडेच होतं, त्यामुळे गेले काही दिवस टाळ आणि जनरेटर यांच्या मधोमध आमचं संशोधन चाललं होतं. गावच्या सप्ताहात भाऊ लहानपणी पहाऱ्याला उभा राहायचा. मी त्याला विचारलं, "तू गावात वीणा धरायचास. किती वेळ?"

"आपला पहारा संपेपर्यंत."

"मग?"

"मग दुसऱ्याच्या गळ्यात घालायची."

"आणि तू?"

"मी घरी. भाकरी खाऊन झोपायचं."

"मग सप्ताह तुटायचा?"

"तुटंल कसा? वीणा कुठं खाली टेकली?" असं म्हणून तो थांबला. माझा भाऊ हुशार आहे. ती हुशारी त्याने बॅनरवर घालवली, एवढंच. "दुसरा संच हाय ना तुमच्याकडं," तो म्हणाला.

दुसरा संच होता. चौथा कागदही होता. विद्यार्थिनी उठून कपड्यांची गाठ सोडायला लागली होती.

त्याच संध्याकाळी आम्ही मार्केटमधून शेतीच्या पंपाला लावतात तो टायमर आणला. दुकानदाराने किती हॉर्सपॉवरची मोटार आहे ते विचारलं. मी तळहात दाखवला. टायमर ठरल्या वेळाने टक् करायचा आणि वीज एका संचाकडून दुसऱ्याकडे जायची. ज्याचा विसावा असेल त्याला पुरतं सोडलं नव्हतं, कारण इतक्या वेळा नुसतं बंद ठेवलं तर तांबं गंजतं. विजेचा एक किरकोळसा दाब ठेवला होता, झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर ठेवतात तसा. वायू दोन्हींतून, ड्रम एकच, त्यात केळ्यांचा नवा हिरवा घड. ड्रममधला आकडा खाली टेकला की सप्ताह तुटला.

महिना संपायला आठवड्याहून थोडेच दिवस जास्त उरले होते. एकदाही चूक करायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी दोघी सकाळपासून गळतीची वाट पाहत बसलो. गळती आली नाही. चौथ्या दिवशी विद्यार्थिनी पोटभर जेवली. पाचव्या दिवशी ड्रममधली केळी पिवळी झाली आणि भावाने ती वरच्या अभ्यासिकेत फिरवून दाखवली. एका पोराने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" भाऊ म्हणाला, नाही. पोरांनी माना खाली घातल्या.

तज्ज्ञ आले ते शेवटच्या दिवशी. भावाने शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला, आणि बॅनरखाली उभं करून दुसरा फोटो काढला. तज्ज्ञांनी बॅनर वाचलं, 'धुरापासून केळी' इथे थोडा वेळ थांबले. शेडमध्ये येऊन खुर्ची ओढून बसले. पहिल्या दिवसापासूनचा आलेख बघितला. मग टायमर वाजला.

"हा टक् कसला?"

भावाला खोकला आला. मी विद्यार्थिनीकडे पाहिलं. प्रबंध तिचा होता.

"संच बदलला, सर," ती म्हणाली. "दोन आहेत. आळीपाळीने चालतात."

"म्हणजे प्रत्येकजण अर्धा वेळ बसून असतो."

"हो."

"एकाच्या कामाला दोघे."

"हो सर. एकट्याला लावलं तर तिसऱ्या दिवशी मरतो. आम्ही दोनदा मारलाय. तिसरा मरत होता तेव्हा लाइट गेली, म्हणून समजलं."

"मेलेले दोन लिहिलेत?"

"लिहिलेत. फोटोसकट. आणि तिसऱ्याची लाइट गेली तेही."

तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. "मेलेले कुणी लिहीत नाही," ते म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनी तिला उलटसुलट विचारलं. विसावा एवढाच का, कमी का नाही, विसाव्यात तांब्याचे कण सरकून एकत्र येतात त्याचं काय. शेवटचं तिला सांगता आलं नाही. तिने "माहीत नाही" म्हणून सांगितलं. मला वाटलं, गेलं. त्यांनी ड्रममधलं एक केळं काढलं, बोटाने दाबून पाहिलं, सोलून खाल्लं.

"सादर करा," ते म्हणाले. "तीस तारखेच्या आत. शीर्षकातून 'अखंड' काढा आणि 'आळीपाळीने' घाला. माहीत नाही ते शेवटच्या प्रकरणात लिहा, की हे माहीत नाही."

"पण सर," भाऊ म्हणाला, "बॅनरवर अखंड छापलंय."

"बॅनर तुमचं आहे. त्याला गाईड नाही."

विद्यार्थिनीने त्यांच्या पाया पडायला वाकून अर्ध्यातच विचार बदलला आणि नुसता नमस्कार केला. मला ते आवडलं. नंतर तिने घरी फोन लावला. पलीकडून भावजयीचा आवाज मलाही ऐकू आला, "मग कशाच्या झालाव डॉक्टर?" ती म्हणाली, "केळ्याच्या."

जेवताना भाऊ गप्प होता. तो गप्प असला की काहीतरी छापायच्या बेतात असतो. भाताच्या वेळी म्हणाला, "अक्का, तुझं ते विसाव्याचं लई पटलं मला. पोरांला पण विसावा पाहिजेच. पुढच्या वर्षी एक स्पेशल बॅच काढतो. 'शास्त्रशुद्ध विश्रांती बॅच'. दोन गट, आळीपाळीनं. अभ्यासिकेत खुर्ची रिकामी राहायची न्हाई."

"म्हणजे एका खुर्चीवर दोन पोरं."

"वीणा खाली टेकायची न्हाई," तो अगदी मनापासून म्हणाला. "उद्या पहाटे पाचला पोरांला बोलावलंय. तू पंधरा मिनिटं बोल. विषय, विश्रांतीचं महत्त्व."

मी वरण वाढून घेतलं. भात संपवला.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजता उठले. फोन रात्रीच बंद केला होता, तो तसाच ठेवला. शेडमध्ये जाऊन वीज काढली, सिलिंडरची चावी फिरवली, दोन्ही संच खोलून खाचा ब्रशने धुतल्या आणि उन्हात वाळत घातल्या. शुद्ध पाण्याचा एक कॅन उरला होता. तो भावाच्या घरी दिला, त्याच्या बायकोने त्यात वरण शिजवलं. मग विद्यार्थिनीला उठवलं, आणि दोघींनी दहाची नांदेड गाडी धरली.